पोटाची जखम शिवली, पण लघवीचं काय?

कुणाच्या पोटात सुरा खुपसला गेला, कुणाला गोळी लागली, कुणाला बैलाने शिंगावर घेतलं, कुणी बांधकामावरून पडला आणि उघडी सळई आत घुसली. असा माणूस हॉस्पिटलात आला की सर्जनसमोरचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. रक्त कुठून जातंय आणि आतडं फुटलंय का? हा क्रम बरोबरच आहे. मोठी रक्तवाहिनी तुटली असेल तर हातात मिनिटं असतात, आतडं फाटलं असेल तर काही तास. लघवीची वाट शाबूत आहे का, हा तिसरा प्रश्न या दोघांच्या मागे उभा असतो आणि त्या गडबडीत कधीकधी विचारायचाच राहून जातो.

कारण सरळ आहे. रक्त डोळ्यांना दिसतं, आतड्यातल्या घाणीचा वास येतो. निरोगी माणसाची ताजी लघवी मात्र पाण्यासारखी असते, तिच्यात सहसा जंतूही नसतात. ती पोटात सांडली तरी पहिले एक-दोन दिवस पोट फारशी कुरकुर करत नाही. शेतात ठिबकची नळी मातीखाली फुटली तर त्याच दिवशी कुणाला कळत नाही. पुढची रोपं माना टाकतात आणि भलत्याच जागी चिखल होतो तेव्हा शोधाशोध सुरू होते. इथेही तसंच घडतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो, पोट फुगतं, वारा सरत नाही, कुशीत दुखायला लागतं. तोवर नातेवाईक ‘ऑपरेशन चांगलं झालं’ असं सगळ्यांना फोन करून सांगून मोकळे झालेले असतात.

आधी रचना समजून घेऊ. मूत्रपिंडं पोटात असतात असं आपण म्हणतो, पण खरं तर ती पोटाच्या मागे असतात. आतडी, जठर, यकृत यांची बहुतेक जागा उदरपटल नावाच्या पातळ अस्तराच्या पिशवीत असते. मूत्रपिंडं या पिशवीच्या पाठीमागे, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, चरबीत रुतून बसलेली असतात. प्रत्येक साधारण ११ सेंटिमीटर लांब आणि सुमारे १५० ग्रॅम वजनाचं. एवढ्याशा दोन अवयवांतून दर मिनिटाला लिटरभर रक्त फिरतं, म्हणजे हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच. त्यामुळे मूत्रपिंडाला लागलं तर रक्तस्राव मोठा होऊ शकतो. सुदैवाने त्याच्याभोवती चिवट पडदा असतो. पडद्याच्या आत रक्त साठत गेलं की दाब वाढतो आणि पुष्कळदा त्या दाबानेच रक्त थांबतं. म्हणूनच मूत्रपिंडाला जखम झाली म्हणजे ते काढावंच लागतं, हा समज आता मागे पडला आहे. पेशंटचं बीपी स्थिर असेल आणि दुसरं काही फुटलेलं नसेल, तर चाकूच्या कित्येक जखमांतही मूत्रपिंडाला हात न लावता नुसती नजर ठेवली जाते.

मूत्रपिंडातून निघालेली मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. पाठीच्या कण्याशेजारच्या जाड स्नायूवरून ती खाली उतरते आणि मूत्राशयाला मागून येऊन मिळते. इतकी बारीक आणि इतकी खोल असल्यामुळे ती सहसा वाचते. बाहेरच्या जखमेत मूत्रवाहिनीला इजा होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. पण दुर्मीळ म्हणूनच ती नजरेतून सुटते. मूत्राशय रिकामं असताना ओटीपोटातल्या हाडाच्या आड लपलेलं असतं, भरलं की बेंबीच्या दिशेने वर चढतं. त्यामुळे एकाच जागी, एकाच खोलीचा वार झाला तरी लघवीला नुकताच जाऊन आलेला माणूस वाचतो आणि तुंबवून बसलेल्याचं मूत्राशय फाटतं.

उदरपटलाच्या पिशवीमागची ही जागा किती दगा देते याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो शहरातल्या प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्या पोटात गोळी झाडली गेली. डॉक्टरांनी तातडीने पोट उघडलं. जठराला पुढून आणि मागून अशी दोन भोकं होती, ती शिवली. गोळी सापडली नाही. ती पुढे पाठीकडच्या स्नायूंत कुठेतरी गेली असं धरून पोट बंद केलं. पुढचे काही दिवस राष्ट्राध्यक्ष सुधारताहेत अशाच बातम्या येत होत्या. मग तब्येत अचानक ढासळली आणि १४ सप्टेंबरला ते गेले. शवविच्छेदनात दिसलं की गोळी जठरामागे जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला लागली होती, स्वादुपिंडालाही इजा होती आणि गोळीच्या वाटेवरचा भाग सडला होता. त्या काळात सीटी स्कॅन नव्हता, प्रतिजैविकं नव्हती. आज तीच जखम झाली तर गोष्ट वेगळी होईल. पण समोरची भोकं शिवून झाली की मागे काय झालंय हे पाहायचं, हा धडा प्रत्येक नव्या सर्जनला नव्याने गिरवावा लागतो.

जखम कशाने झाली यावरही पुढचं बरंच ठरतं. चाकू जिथून जातो तेवढंच कापतो. गोळीचं तसं नाही. वेगवान गोळी जाताना आजूबाजूच्या मांसाला जबर धक्का देते. मूत्रवाहिनीच्या अगदी जवळून गोळी गेली तर ऑपरेशनच्या वेळी नळी धडधाकट दिसते, पण तिच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडलेल्या असतात. पाच-सात दिवसांनी तो तुकडा मरतो आणि तिथून लघवी झिरपायला लागते. इथे पहिल्या दिवशी कुणी डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी दोष सापडणार नाही. शिंगाची जखम आणखी फसवी. कातडीवर भोक लहान, पण जनावर मान हिसडतं तेव्हा शिंग आत फिरतं आणि आतली वाट रुंद होते, शिवाय माती-शेण आत जातं. बाहेरून दोन टाके घालून आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन अशा पेशंटला घरी पाठवणं म्हणजे जुगार.

आता लाल लघवीबद्दल. लघवीतून रक्त आलं म्हणजे वाटेत कुठेतरी इजा आहे, हे खरं. पण रक्त आलं नाही म्हणजे सगळं ठीक, हे साफ खोटं. मूत्रवाहिनी पूर्ण तुटली असेल तर त्या बाजूची लघवी मूत्राशयापर्यंत पोचतच नाही, मग तिच्यातलं रक्त तरी कुठून दिसणार? दुसरं मूत्रपिंड नेहमीसारखी पिवळी, स्वच्छ लघवी बनवत राहतं आणि युरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी, पाहून सगळे निर्धास्त होतात. मूत्रपिंडाची मुख्य रक्तवाहिनीच तुटली तरी हेच होतं. उलट मूत्रपिंडावर किरकोळ ओरखडा असेल तर लघवी चांगली गडद लाल होऊ शकते. रंगावरून इजा आहे का याचा अंदाज येतो; ती किती मोठी आहे हे त्यावरून कळत नाही.

खात्रीची तपासणी म्हणजे शिरेतून डाय, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, देऊन केलेला सीटी स्कॅन. पण त्यातही एक मेख आहे. डाय दिल्यावर लगेच काढलेल्या प्रतिमांत रक्तवाहिन्या दिसतात, मूत्रपिंड दिसतं, पण लघवीची गळती दिसत नाही. डाय रक्तातून गाळून लघवीत उतरायला वेळ लागतो. म्हणून साधारण दहा मिनिटांनी पुन्हा प्रतिमा घ्याव्या लागतात. ही दुसरी फेरी राहिली तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि गळती चालूच राहते. मूत्राशयासाठी वेगळा नियम. कॅथेटरमधून, म्हणजे मूत्राशयात घातलेल्या लघवीच्या नळीतून, ३०० ते ३५० मिलिलिटर पातळ केलेला डाय सोडून मूत्राशय नीट ताणलं तरच लहान भोक उघडं पडतं. नुसतं कॅथेटरला चाप लावून ते आपोआप भरायची वाट पाहिली तर भोक लपून राहू शकतं. आणि पेशंटचं बीपी इतकं कोसळलेलं असेल की स्कॅनपर्यंत नेणंही शक्य नाही, तर थेट ऑपरेशन थिएटर. तिथे सर्जनला हाताने आणि डोळ्यांनीच शोध घ्यावा लागतो, कधी शिरेतून रंगीत औषध देऊन ते कुठून झिरपतंय ते पाहावं लागतं. गोळी मूत्राशयातून आरपार गेली असेल तर एक भोक सापडल्यावर दुसरं सापडेपर्यंत थांबायचं नाही, एवढी शिस्त तर हवीच.

समजा गळती राहिली. मग लघवी कुठे जाते? मूत्रपिंड किंवा मूत्रवाहिनी गळत असेल तर ती पाठीमागच्या चरबीत साठते आणि तिचं तळं तयार होतं. त्यात जंतू शिरले की पू होतो. ऑपरेशनच्या वेळी पोटात ड्रेनची नळी ठेवलेली असेल तर तिच्यातून येणारं पाणी दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं. नळी नसेल तर लघवी स्वतःच वाट शोधते, टाक्यांमधून बाहेर येते, ड्रेसिंग सारखं ओलं होतं. हे ओलं ड्रेसिंग सर्वात आधी सिस्टरच्या किंवा बिछान्याशी बसलेल्या घरच्या माणसाच्या लक्षात येतं. पाणी जखमेचं की लघवी, हे ओळखायची युक्ती स्वस्त आणि सोपी आहे. त्यातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, तपासायचं. जखमेच्या पाण्यात ते जवळपास रक्ताएवढंच असतं, लघवीत मात्र कित्येक पटींनी जास्त. साध्या लॅबमध्ये होणारी ही तपासणी आहे.

लघवी उदरपटलाच्या आत सांडत असेल, उदाहरणार्थ मूत्राशयाचा माथा फाटला असेल, तर आणखी एक गोंधळ होतो आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वात विलक्षण प्रकार वाटतो. उदरपटल हे शोषून घेणारं अस्तर आहे. शरीराने बाहेर टाकलेलं युरिया आणि क्रिएटिनिन ते पुन्हा रक्तात ओढून घेतं. मूत्रपिंडं पुन्हा ते गाळतात, पुन्हा ते पोटात सांडतं, पुन्हा रक्तात येतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन रोज चढत जातं. बाहेर नातेवाईकांना सांगितलं जातं की किडनी फेल होतेय. प्रत्यक्षात दोन्ही मूत्रपिंडं उत्तम काम करत असतात! भोक शिवून किंवा नळी टाकून लघवीला बाहेरची वाट दिली की आकडा झपाट्याने उतरतो. म्हणून पोटाच्या जखमेनंतर क्रिएटिनिन वाढलं, तर डायलिसिसचा विचार करण्याआधी ‘लघवी पोटात तर सांडत नाही ना?’ हे विचारायला हवं. घरच्यांनीही विचारावं, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

अर्थात खरोखर मूत्रपिंडं मंदावण्याचा प्रसंगही येतो. खूप रक्त गेलं, बीपी बराच वेळ खाली राहिलं की मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही आणि त्यांच्या बारीक नलिका दगावतात. प्रौढ माणसाला दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर. अतिदक्षता विभागात दर तासाला युरोबॅगची मोजणी होते ती यासाठी. अशा वेळी काही दिवस डायलिसिस लागलं तरी घाबरून जाऊ नये. पुष्कळ पेशंटांत मूत्रपिंडं काही आठवड्यांत पुन्हा सुरू होतात आणि मशीन सुटतं.

गळतीवरचे उपाय जखमेच्या जागेवर ठरतात. मूत्राशय शिवून कॅथेटर दहा-चौदा दिवस ठेवलं की ते छान भरून येतं. नळी काढण्याआधी डाय भरून फोटो काढतात. मूत्रपिंडाची गळती बऱ्याचदा आतून डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी, टाकला की थांबते. पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी घालून लघवी बाहेरच्या पिशवीत काढून घेणं हा दुसरा मार्ग. तुटलेली मूत्रवाहिनी पहिल्याच ऑपरेशनमध्ये सापडली तर तिची मेलेली टोकं कापून, ताण न देता, स्टेंटवर जोडता येते. तुटणं मूत्राशयाजवळ असेल तर ती मूत्राशयात नव्याने रोवतात. उशिरा कळलं आणि तोवर तिथे सूज नि पू झाला असेल तर घाई करून उपयोग नसतो. आधी लघवीला पर्यायी वाट, दुरुस्ती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी.

हे पर्याय नव्हते तेव्हा काय व्हायचं? १८६९ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये गुस्ताव्ह सायमन या सर्जनकडे एक बाई होती. आदल्या वर्षी अंडाशयाची गाठ काढताना तिची एक मूत्रवाहिनी तुटली होती आणि तेव्हापासून पोटावरच्या जखमेतून आणि योनीमार्गातून लघवी सतत ठिबकत होती. गळती बंद करायचे प्रयत्न फसले. सायमन यांनी ठरवलं की त्या बाजूचं मूत्रपिंडच काढायचं. पण एका मूत्रपिंडावर माणूस जगतो का, याची कुणालाच खात्री नव्हती. त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले, मग २ ऑगस्ट १८६९ रोजी ऑपरेशन केलं. बाई वाचली. ठरवून मूत्रपिंड काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानली जाते. एका गळक्या नळीपायी एक निरोगी अवयव टाकावा लागला, पण पुढे जिवंत दात्याकडून मूत्रपिंड घेऊन ते दुसऱ्याला बसवण्याचा विचार ज्या पायावर उभा राहिला, त्यातली एक वीट हीच.

त्या बाईची नळी सुऱ्याने नव्हे, सर्जनच्या हातून तुटली होती, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. आजही मूत्रवाहिनीच्या बहुतेक इजा ऑपरेशनमध्येच होतात, आणि त्यांत गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पुढे असते, कारण गर्भाशयाची रक्तवाहिनी मूत्रवाहिनीला अगदी चिकटून ओलांडते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा चर्चा मुख्यतः गरज नसताना ऑपरेशन का, याची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. अशा ऑपरेशननंतर एखादी बाई सतत ओली राहते म्हणून लाजून घरात बसते, तेव्हा तिला झालेलं दुखणं मूत्रवाहिनीची ही गळतीच असू शकतं. ते दुरुस्त होतं.

घरी आल्यानंतरच्या धोक्यांत मी उशिरा होणारा रक्तस्राव सर्वात वर ठेवेन. चाकूच्या जखमेत मूत्रपिंडातली बारीक धमनी अर्धवट कापली जाते, तिथे रक्ताचा फुगा तयार होतो. एक-दोन आठवडे तो गप्प बसतो आणि एक दिवस फुटून लघवीच्या वाटेत मोकळा होतो. घट्ट लाल लघवी, गाठी, कधी लघवी अडून बसते. आपल्याकडे लाल आणि जळजळीची लघवी झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा आणि धन्याजिऱ्याचं पाणी सुरू होतं. पोटाला जखम झालेल्या माणसाच्या बाबतीत त्यात एक तासही घालवू नये. जिथे कॅथ लॅब आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (रक्तवाहिनीतून नळी नेऊन उपचार करणारा डॉक्टर) आहे अशा हॉस्पिटलात न्यावं. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन ती एकच फांदी बंद करतात, मूत्रपिंड वाचतं.

संसर्ग हा सर्वात नेहमीचा त्रास. कॅथेटर आत असताना प्रत्येक दिवसागणिक जंतूंचा धोका काही टक्क्यांनी वाढतो, म्हणून गरज संपताच ते काढायचं. तोवर पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता. स्ट्रेचरवरून नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवण्याची सवय सगळीकडे दिसते. त्यामुळे साठलेली लघवी मागे आत जाते. लघवीतून हवेचे बुडबुडे किंवा घाण यायला लागली तर मात्र साधा संसर्ग समजू नये. आतडं आणि मूत्राशय एकमेकांना जोडले गेल्याची ती खूण असू शकते.

आणि डीजे स्टेंट. हा विषय मुतखड्याच्या पेशंटमुळे घरोघरी माहीत आहे, तरीही लोक तो विसरतात. पोटाच्या जखमेचा पेशंट तर आतड्याचे टाके, पोलिसांचा जबाब, बुडालेली मजुरी यांत इतका अडकलेला असतो की आत एक नळी आहे हेच त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. स्टेंट साधारण चार ते सहा आठवड्यांत काढतात. नेहमीच्या स्टेंटवर काही महिन्यांत क्षार चढायला लागतात, पुढे दगडासारखा थर बसतो. मग दुर्बिणीने पाच-दहा मिनिटांत निघणारी नळी काढायला मोठं ऑपरेशन लागतं, कधी मूत्रपिंडच निकामी झालेलं असतं. डिस्चार्ज कार्डावर ‘स्टेंट आहे, अमुक तारखेला काढणे’ हे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसेल तर लिहून मागावं. स्टेंट काढल्यावरही काम संपत नाही. जोडलेली जागा हळूहळू आवळत गेली तर मूत्रपिंड मागे फुगत जातं आणि दुखत मात्र नाही. पहिल्या वर्षात ठरल्या वेळी सोनोग्राफी करण्याचं कारण हेच.

घटनेच्या जागी असाल तर आत अडकलेला चाकू किंवा सळई ओढून काढू नका, तिने रक्तवाहिनी दाबून धरलेली असू शकते. तोंडाने काही देऊ नका, १०८ ला फोन करा. सळई लांब असेल तर बाहेरच कापून माणसाला तिच्यासकट आणतात. पोलीस केस आहे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. हॉस्पिटलात कॅथेटर घालताना लघवीच्या तोंडाशी रक्त दिसलं तर डॉक्टर जोर लावत नाहीत, आधी मूत्रमार्गाचा, म्हणजे मूत्राशयातून बाहेर येणाऱ्या वाटेचा, फोटो काढतात. ‘साधी नळी घालायला एवढा वेळ का?’ म्हणून तेव्हा भांडू नका.

राहिला रक्तदाब. १९३९ मध्ये आयर्विन पेज या अमेरिकी संशोधकाने प्राण्यांच्या मूत्रपिंडाभोवती सेलोफेन गुंडाळून ठेवलं. त्याने आजूबाजूला जाड, आवळ कवच तयार झालं आणि त्या प्राण्यांचं बीपी चढलं. दाबलं गेलेलं मूत्रपिंड आपल्याला रक्त कमी पडतंय असं समजतं आणि बीपी वाढवणारी रसायनं सोडतं. माणसात हेच काम मूत्रपिंडाभोवती साठून घट्ट झालेलं रक्त करू शकतं, कधी काही आठवड्यांत तर कधी बऱ्याच काळानंतर. पंचविशीतला तरुण, चाकूचा व्रण जुना झालेला, आणि बीपी १६०. अशा वेळी टेन्शनमुळे असेल म्हणून सोडून न देता जुनी जखम डॉक्टरांना दाखवावी. ज्यांचं एक मूत्रपिंड काढावं लागलं त्यांनी काम, लग्न, मुलंबाळं यांत काही कमी करायची गरज नाही. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊन खाणं मात्र सोडावं आणि वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्यावीत.